वेताळकथांचे मर्म : भय कोणाचे धरावे?

भुताखेतांच्या पुस्तकांविषयी देवस्थानच्या पत्रिकेत लिहावे काय, अशी शंका काही वडीलधाऱ्या मंडळींस येईल. परंतु ज्या घरात देवघर आहे त्याच घरात अशी पुस्तकेही वाचली जातात, आणि मुले ती ऐकून रात्री आईला बिलगून निजतात, ही वस्तुस्थिती आहे. तेव्हा ती वाचूच नयेत असे सांगण्यापेक्षा कशी वाचावीत, याचा विचार करणे अधिक हितकर होय. त्यासाठी आपल्या परंपरेतील सुप्रसिद्ध 'वेतालपंचविंशति' या कथामालेचा पाठ आज घेऊ.

११ व्या शतकात काश्मीरचा पंडित सोमदेव याने राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोविनोदार्थ 'कथासरित्सागर' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ही कथामाला आली आहे. ग्रंथाचा मूळ आधार म्हणून सोमदेव गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा निर्देश करतो. ती पैशाची भाषेत होती; आज ती उपलब्ध नाही. कथेचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे पैठणचा राजा. लोकांच्या तोंडी तोच पुढे विक्रम झाला.

क्षांतिशील नावाचा एक भिक्षू प्रतिदिनी दरबारात येऊन राजास एक फळ अर्पण करी. मागणे काहीच नाही. अशी १० वर्षे गेली. एके दिवशी राजाने ते फळ एका माकडाच्या पिलास दिले, तेव्हा त्यातून अमूल्य रत्न बाहेर पडले. कोशागारात फेकलेल्या पूर्वीच्या फळांतही रत्नेच निघाली. राजाने कारण विचारताच भिक्षूने साहाय्य मागितले. ते असे की, कृष्ण चतुर्दशीच्या रात्री स्मशानात यावे आणि शिसवीच्या झाडावरचे प्रेत आणून द्यावे.

त्या प्रेतात वेताळ होता. राजाने ते खांद्यावर घेतले की तो एक कथा सांगे व शेवटी प्रश्न विचारी. उत्तर ठाऊक असून न बोलल्यास मस्तकाची शकले होणार, आणि बोलल्यास प्रेत पुन्हा झाडावर जाणार. राजा प्रत्येक वेळी न्यायाचे उत्तर देई आणि पुन्हा माघारी फिरे. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर त्यास सुचले नाही, म्हणून तो मुकाट्याने चालत राहिला. तेव्हा वेताळ प्रसन्न झाला व त्याने रहस्य सांगितले : तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे, साष्टांग प्रणिपात कर म्हणाला, तर 'आधी करून दाखवा' असे म्हण. राजाने तसेच केले आणि भिक्षूचा कपटी बेत त्याच्यावरच उलटला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. साऱ्या कथेत भयंकर दिसतो तो वेताळ, पण घातकी ठरतो तो फळे आणणारा मनुष्य. वेताळ राजाच्या बुद्धीची परीक्षा घेतो आणि शेवटी त्याचे प्राण वाचवतो. इतकेच नव्हे, तर या कथा जेथे सांगितल्या जातील तेथे यक्ष, वेताळ, राक्षस यांची सत्ता चालणार नाही, असेही कथेच्या अंती सांगितले आहे. भुताची कथा ऐकून भुताचे भय जावे, हाच तिचा हेतू होय.

आपल्या गोमंतकास हे नवीन नाही. लोलये, पैंगीण, आमोणे येथे वेताळाची देवस्थाने आहेत. तो गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, या भावनेने भाविक त्यास चामड्याच्या वहाणा वाहतात. जो आपल्यासाठी पायपीट करतो त्याचे भय कसले?

गतवर्षी एक गृहस्थ आपल्या कन्येस घेऊन माझ्या वडिलांकडे आले. वडील मंदिरात पूजा करतात. मुलीस वारंवार झटके येत. एका मांत्रिकाने स्मशानातील बाधा सांगितली होती. आरंभी तो काही न घेता नुसता अंगारा देऊन जाई. पुढे त्याने मंत्रतंत्राची एक पोथी विकत दिली, आणि अखेरीस अमावास्येच्या विधीसाठी मुलीच्या आईच्या बांगड्या मागितल्या. वडिलांनी तीर्थ दिले आणि म्हणाले, "तीर्थ घ्या, पण उद्या सकाळी इस्पितळात जा. देव रागावणार नाही." निदान अपस्माराचे झाले. औषध चालू आहे आणि मुलगी शाळेत जाते. ती पोथी आमच्याकडेच राहिली. मी ती कुतूहलाने वाचली आणि दोन रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी क्षांतिशीलाचे फळ आठवले आणि भीती गेली.

शास्त्रही याहून वेगळे सांगत नाही. चरकसंहितेत अपस्माराची गणना रोगांत केली असून त्याची चिकित्सा दिली आहे. त्याच संहितेच्या निदानस्थानात असेही म्हटले आहे की, जो स्वतःच्या कर्माने पीडित नाही त्यास देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस पीडा देत नाहीत. गीतेच्या १७ व्या अध्यायात प्रेते व भूतगण यांची उपासना तामसी गणली आहे. शेजारच्या महाराष्ट्राने २०१३ साली व कर्नाटकाने २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदेही केले.

असो. भूतकथा अवश्य वाचाव्यात, मुलांना सांगाव्यात. मात्र शेवट सांगितल्याविना त्यांस निजवू नये. कुटुंबात मननासाठी पुढील प्रश्न घ्यावेत :

१. राजाने १० वर्षे फळ का उघडून पाहिले नाही?
२. वेताळ आणि भिक्षू यांत राजाचा खरा हितकर्ता कोण?
३. आपल्या दारी काही न मागता येणाऱ्याची पारख कशी करावी?