गणेशपुरी-वज्रेश्वरी : एका दिवसाची सहल, खर्चाच्या हिशोबासह

भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीत पाहण्यासारखं जे आहे, त्याला जवळजवळ कुठेच तिकीट नाही. खर्च होतो तो गाडीवर, जेवणावर आणि खासगी टबवर. म्हणून हिशोब तिथूनच सुरू करायचा.

भिवंडीहून अंबाडीमार्गे गणेशपुरी साधारण ३० किलोमीटर. साध्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे १० रुपये, म्हणजे एका बाजूला माणशी ५० ते ६० धरा. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढे प्रवास मोफत. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. दोन पुरुष, दोन महिला असं कुटुंब ३०० ते ३६० रुपयांत जाऊन येतं. स्वतःच्या गाडीला लिटरमागे १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०० च्या घरात धरलं, तर ४०० रुपये. चौघं असाल आणि वज्रेश्वरी-अकलोलीही करायची असेल, तर गाडीच परवडते. एकट्या-दुकट्याने एसटीने जावं, या ठिकाणांमधल्या दोन-तीन किलोमीटरसाठी रिक्षा करावी. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना वसई किंवा विरार सोयीचं.

गणेशपुरीत आधी नित्यानंद स्वामींचं समाधी मंदिर पाहा. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी इथेच देह ठेवला. पुण्यतिथी आणि गुरुपौर्णिमेला गर्दी उसळते, निवांत दर्शन हवं असेल तर ते दिवस टाळा. जवळच भीमेश्वराचं जुनं देऊळ आणि गरम पाण्याची कुंडं आहेत. नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद यांचा गुरुदेव सिद्धपीठ आश्रम सहज फिरायला आलेल्यांसाठी खुला नाही. तो पाहायचा म्हणून बेत आखू नका.

इथल्या गरम पाण्यामागे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खूप खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. अशा झऱ्यांची रांग कोकणात थेट राजापूरपर्यंत गेली आहे. गणेशपुरीचं सगळ्यात मोलाचं वैभव हेच, आणि ते फुकट आहे. पण पाणी चांगलंच कढत असतं. आधी पाय बुडवून पाहा, पाच-दहा मिनिटांत बाहेर या. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. चांदीचे दागिने घरीच ठेवा, गंधकाने ते काळवंडतात. कपडे बदलायला आडोसा सगळीकडे मिळत नाही. ती अडचण वाटत असेल तर अकलोली परिसरातल्या लॉजमधला टब घ्या, मात्र पाणी भरण्याआधी दर आणि वेळ दोन्ही ठरवून घ्या.

वज्रेश्वरीचं मंदिर चुकवू नका. १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी ते बांधवलं. ५२ पायऱ्या चढून गेलं की किल्ल्यासारखा तट लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच चढावं.

पावसाळ्यात तानसा नदीच्या पात्रात उतरू नये, काठावरची कुंडंही पुराखाली जातात. थंडीचे दिवस सगळ्यात चांगले.

जेवणाला माणशी १५० ते २०० रुपये, पूजेचं साहित्य आणि रिक्षा मिळून ३०० रुपये बाजूला काढले, तर चौघांची सहल साधारण १,५०० रुपयांत होते. मुक्काम करायचा असेल तर खोलीचा दर वेगळा. शनिवार-रविवारी तो फोनवर आधीच विचारून घ्या.