मातृत्वाचा हक्क : विधिमंडळापासून ग्रामसभेपर्यंत

बाळंतिणीला विश्रांती मिळणे ही सासरच्या माणसांच्या मर्जीची बाब आहे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. ती राज्याच्या धोरणाची बाब आहे, हा विचार मात्र आपल्या प्रांतात बराच जुना आहे. तो कोणी मांडला, कसा पुढे नेला आणि आज तो कोठे अडला आहे, याचा थोडक्यात अभ्यास येथे मांडत आहोत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांत वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया काम करीत. दिवस भरत येईपर्यंत त्या मशीनसमोर उभ्या असत आणि बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा कामावर रुजू होत, कारण खाडा म्हणजे पगार बुडाला. कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल तेव्हाच्या चाळींतून सर्रास होती. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. परंतु त्या मातेला दुसरा मार्ग कोणी ठेवला होता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर रजेचा ठराव केला. भारत सरकारने त्यावर स्वतःहून काही केले नाही. पुढाकार घेतला तो ना. म. जोशी यांनी. १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगार वस्त्यांत सेवाकार्य करणाऱ्या या गृहस्थांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले आणि ते फेटाळले गेले. सेवा करणारा माणूस कायद्याकडे का वळतो, हे या एका उदाहरणावरून कळते. वस्तीत कितीही दवाखाने चालविले तरी पगार बुडण्याची भीती त्यांनी जात नाही.

जे दिल्लीत घडले नाही ते मुंबईत घडले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांच्या भाषणातील युक्तिवाद आमच्या मते प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. मातेला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तसे करीत नाही तोपर्यंत मालक मोकळा सुटत नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याचाही फायदा असतो. येथे दयेची याचना नाही. कोणाच्या लाभासाठी कोण झिजते, याचा रोखठोक हिशेब आहे. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांतानेही तसा कायदा केला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूतिविषयक साहाय्याची तरतूद आली. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवडे झाली.

मग अडले कोठे? हा सारा लाभ आस्थापनेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीला मिळतो. ऊसतोडीला जाणारी, बांधकामावर घमेली वाहणारी, परक्या शेतात निंदणी-खुरपणी करणारी माता त्यात बसत नाही. आपल्या समाजातील किती आया-बहिणी कोणत्या बाजूला आहेत, ते वाचकांना सांगावयास नको. त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा मातृत्व लाभ हक्क म्हणून मान्य केला. प्रत्यक्षात २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असेल तरच पुन्हा लाभ मिळतो. कायद्याने दिलेले योजनेने आखडून घेतले, असे आम्हांस स्पष्ट वाटते. पाठपुराव्याची जागा नेमकी हीच आहे.

असा पाठपुरावा महाराष्ट्रात निष्फळ ठरलेला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले आणि घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतल्यास नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दाखविले. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरावीक भेटी देते, त्यामागे हे काम आहे. आकडे हाती असले की शासनाला ऐकावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक साधे आणि म्हणून आपल्या अधिक जवळचे. २००७ पासून राज्यातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकरी स्वतः उपकेंद्राची व प्राथमिक आरोग्य केंद्राची माहिती गोळा करीत, सेवेला चांगली, मध्यम, वाईट अशी श्रेणी देत, आणि मग जनसुनावणीत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ती मांडत. औषध बाहेरून का आणावयास लावले, बाळंतपणाचे पैसे का मागितले, असे प्रश्न ज्या स्त्रीने कधी सरकारी कचेरीची पायरी चढली नव्हती, तिने उभे राहून विचारले. जनसुनावणीचे सामर्थ्य आमच्या मते यातच आहे. (अधिकाऱ्यांनाही ती सुरुवातीस रुचली नाही, हे वेगळे सांगणे न लगे.)

हे प्रश्न विचारण्यास आधार काय, तर जून २०११ पासूनचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, दाखल असतानाचा आहार आणि ने-आण करणारे वाहन, हे सारे विनामूल्य. आजारी नवजात बाळालाही हाच हक्क. रुग्णवाहिकेसाठी १०२ व १०८ हे क्रमांक आहेत.

आपल्या शाळेतून शिकून गेलेला विद्यार्थी आज कोठे ग्रामसेवक, कोठे शिक्षक, कोठे वकील आहे. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते. तिच्या बैठकीत बसता येते, तिच्या निधीचा हिशेब मागता येतो. मातृवंदनेचा अर्ज बहुधा आधार व बँक खात्यातील नावाच्या तफावतीने अडतो. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. अशी अडलेली प्रकरणे गावनिहाय लिहून काढली आणि ती यादी ग्रामसभेच्या ठरावासह तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली, तर आवक क्रमांकाची पोच मागून घ्यावी.