तान्ह्या बाळाचा खेळ आणि त्याची वाढ

भातलावणीच्या अथवा कापूसवेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरातील प्रत्येक हात कामात गुंतलेला असतो. अशा वेळी तान्हे मूल बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत निजविले जाते, किंवा घरी आजीच्या स्वाधीन केले जाते. मूल रडले म्हणजे त्यास पाजावे, ओले झाले म्हणजे कोरडे करावे, आणि गप्प पडून राहिले म्हणजे सर्व ठीक आहे असे मानावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. दिवसभर आवाज न करणाऱ्या मुलाचे “किती शहाणे आहे” म्हणून कौतुकही होते. परंतु जे मूल जागेपणी तासन्‌तास एकटेच पडून राहते, त्यास पोटभर दूध मिळूनही एका गोष्टीची उणीव पडत असते. ती गोष्ट म्हणजे माणसाचे बोलणे, माणसाचा स्पर्श आणि खेळ.

खेळाचे महत्त्व

जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात बाळाच्या मेंदूचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. या काळात मूल जे पाहते, ऐकते व हाताळते त्यावर त्याच्या पुढील शिकण्याचा पाया घातला जातो. बाळाने हुंकार दिला व आईने त्यास उत्तर दिले, बाळ हसले व आजोबा हसले, एवढाही खेळच होय. आपण काही केले म्हणजे समोरून काही उत्तर येते, ही जाणीव बाळाला यातूनच होते. बाजारातील महाग खेळणे हे उत्तर देऊ शकत नाही.

या बाबतीत जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात सन १९८६-८७ मध्ये सुरू झालेला प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. गरीब वस्त्यांतील ९ ते २४ महिने वयाची, उंचीची वाढ खुंटलेली १२९ मुले त्यासाठी निवडण्यात आली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा, तासभर जात असत आणि घरगुती टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईस दाखवीत असत. हा क्रम दोन वर्षे चालला. पूरक आहाराने मुलांच्या बुद्धीच्या वाढीस मदत झाली, खेळानेही झाली, आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांची प्रगती सर्वांत चांगली झाली. हीच मुले बावीस वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी करण्यात आली. तेव्हा लहानपणी खेळाचा लाभ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली.

वयानुसार करावयाचे खेळ

पहिले तीन महिने : नवजात बाळास सुमारे वीतभर अंतरावरचेच स्पष्ट दिसते. म्हणून पाजताना व न्हाऊमाखू घालताना त्याच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश बोलावे. बाळाने आवाज केला की थांबून ऐकावे व मग उत्तर द्यावे. पाळण्यावर टांगलेले रंगीत चिमणाळे त्याच्या हाताला न लागेल अशा उंचीवर घट्ट बांधावे. बाळ जागे असताना त्यास दिवसातून काही वेळा आईच्या मांडीवर किंवा गोधडीवर पालथे ठेवावे. आरंभी एकदोन मिनिटे पुरेत. पुढे हा वेळ दिवसभरात मिळून अर्धा तास व्हावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सन २०१९ ची शिफारस आहे. यामुळे मान, खांदे व पाठ बळकट होतात. मात्र निजविताना बाळास सपाट जागी पाठीवरच निजवावे.

तीन ते सहा महिने : आता बाळ वस्तूकडे हात नेऊ लागते. खुळखुळा एका बाजूस वाजवावा व बाळाने मान वळवून शोधला म्हणजे त्याच्या हाती द्यावा. स्वच्छ धुतलेली लाकडी पळी, लहान वाटी, चिंध्यांचा चेंडू यांपैकी एकेक वस्तू द्यावी. बाळ ती तोंडात घालील. वस्तूची ओळख करून घेण्याची ही त्याची रीत असल्याने त्यास रागावू नये.

सहा ते नऊ महिने : पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करणे, वाटीखाली चेंडू झाकून तो शोधावयास लावणे, हे खेळ या वयात फार उपयुक्त ठरतात. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे बाळ यातून शिकते. बसू लागलेल्या मुलापुढे स्वच्छ सतरंजी अंथरून हातभर अंतरावर खेळणे ठेवावे, म्हणजे ते पुढे सरकण्याचा प्रयत्न करील.

नऊ ते बारा महिने : डब्यात वस्तू टाकणे व काढणे, दोन वाट्या एकमेकींवर आपटणे, टाळ्या वाजविणे, बोटांवर म्हणावयाची बडबडगीते, गोठ्यातील गाय, वासरू व कोंबडी दाखवून त्यांची नावे सांगणे, हे खेळ करावेत. मूल उभे राहू लागले म्हणजे जुन्या पद्धतीचा, उभ्याने ढकलावयाचा लाकडी पांगुळगाडा मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली देण्यास हरकत नाही. मुलास आत बसवून फिरविण्याची चाकांची गाडी मात्र टाळावी. तिने मूल लवकर चालत नाही आणि उंबऱ्यावरून किंवा पायरीवरून कोसळण्याचा धोका असतो.

कामाच्या दिवसांतील व्यवस्था

बाळाच्या खेळासाठी निराळा वेळ काढणे शेतकरी स्त्रीस कठीण असते, आणि त्याची फारशी आवश्यकताही नाही. भाजी निवडताना बाळ समोर बसवून भाजीचे नाव सांगता येते. अंघोळीच्या वेळी हात, पाय, नाक, कान यांची नावे घेता येतात. शेतावर न्यावे लागल्यास बाळ जागे होताच झोळीतून बाहेर काढावे, आणि ते झोळीत असेपर्यंत जवळ मोठे माणूस असावे. वडिलांनी सायंकाळी परतल्यावर हातपाय धुऊन पाव तास तरी बाळास घ्यावे. आजी-आजोबा व मोठी भावंडे यांनाही वरील खेळ दाखवून ठेवावेत, म्हणजे सर्व भार एकट्या आईवर पडत नाही. बाळ शांत राहावे म्हणून त्याच्यापुढे मोबाईल धरू नये.

घ्यावयाची दक्षता

शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी, गुंडी यांसारखी बारीक वस्तू बाळाच्या हाती लागू देऊ नये. ती श्वासनलिकेत अडकून प्राणावर बेतते. गुंजेचे बी तर विषारी असते. कीटकनाशकाचे डबे व बाटल्या, बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशव्या यांपासून खेळणी कधीही करू नयेत. त्या धुऊनही निर्धोक होत नाहीत. रांगत्या मुलाजवळ पाण्याने भरलेली बादली अथवा घंगाळ उघडे ठेवू नये. बाळास गदागदा हलविणे किंवा वर उडवून झेलणे हा खेळ नव्हे. त्याने मान व मेंदू यांस इजा होऊ शकते.

केव्हा सल्ला घ्यावा

सर्व मुले एकाच वयात सारखी प्रगती करीत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून सन २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार मूल आधाराशिवाय सुमारे ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान बसते, आणि ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान एकटे चालते. काही निरोगी मुले गुडघ्यांवर न रांगताच चालू लागतात. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरू नये. परंतु तीन महिन्यांचे बाळ माणसाकडे पाहून हसत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल, नऊ महिने उलटूनही बसत नसेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर विलंब न करता अंगणवाडी सेविका, आशा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांस दाखवावे. अशा मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो सन २०१३ मध्ये सुरू झाला, विनामूल्य केली जाते.

रोपवाटिकेतील रोपाकडे लावणीपूर्वी जे लक्ष पुरविले जाते, त्याचे फळ शेतकऱ्यास सुगीत दिसते, हे त्यास सांगावयास नको. तान्ह्या मुलाच्या बाबतीत हे लक्ष पैशाचे नसून बोलण्याचे व हसण्याचे आहे. ते प्रत्येक घरात, कोणत्याही हंगामात, पुरविता येण्यासारखे आहे.