बर्फयंत्राचा कंडेन्सर बाहेर बसवताना



मासळी, दूध, फुले बाजारात नेणाऱ्याला बर्फ लागतोच. तो रोज विकत आणण्यापेक्षा चार घरांनी मिळून यंत्र घ्यावे, असा विचार कोणी करीत असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

बर्फयंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते पाण्यातली उष्णता काढून दुसरीकडे टाकते. ३० अंशांच्या एक किलो पाण्याचा बर्फ करताना सुमारे ११० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. रोज २०० किलो बर्फ करणारे यंत्र म्हणजे खोलीत एक किलोवॅटची शेगडी रात्रंदिवस पेटलेली. कॉम्प्रेसरची वीज त्याहून वेगळी. बंद खोलीत ही उष्णता साचली की बर्फ कमी होतो आणि वीजबिल वाढते. म्हणून मोठ्या यंत्रांत कॉम्प्रेसर आतच राहतो. उष्णता सोडणारा कंडेन्सर व त्याचा पंखा मात्र गच्चीवर किंवा भिंतीबाहेर बसवतात. दोन तांब्याच्या नळ्या त्यांना जोडतात. एकीतून तापलेला गॅस बाहेर जातो आणि दुसरीतून तो द्रव होऊन परत येतो.

जागा : मे महिन्यात ग्वाल्हेर, हैदराबादकडे पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या पत्र्याला लागून कंडेन्सर ठेवू नये. वर सावली असावी, पण चारी बाजूंनी वारा मोकळा हवा. पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येता कामा नये. पावसाचे पाणी साचणार नाही अशा उंच चौथऱ्यावर तो पक्का बसवावा. भुसा व धूळ उडते त्या खळ्यापासून दूर ठेवावा, आणि जाळी वरचेवर साफ करावी.

नळ्या : अंतर व उंची पुस्तिकेतील मर्यादेतच ठेवावी. नळी एकदा चढावी किंवा एकदा उतरावी. वर-खाली-वर अशी नेऊ नये. उरलेली नळी उभी गुंडाळू नये. डाग देताना आतून सावकाश नायट्रोजन सोडावा, नाहीतर आत काळी खपली धरते आणि पुढे व्हॉल्व्ह तुंबतो.

चाचणी : येथे जिवाशी गाठ आहे. गळती पाहण्यासाठी नळीत कोरडा नायट्रोजनच रेग्युलेटर लावून भरावा. हाताशी आहे म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन भरू नये. कॉम्प्रेसरच्या तेलाशी तो मिळाला की स्फोट होतो. मिस्त्री कितीही अनुभवी असो, ऑक्सिजनची टाकी पुढे सरकवताना दिसला तर काम तेथेच थांबवा. मग व्हॅक्यूम पंपाने हवा व ओल काढूनच गॅस भरावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत गळला तर खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. म्हणून खोलीला खेळती हवा ठेवावी.

पाणी : बर्फ हे अन्नच आहे. पिण्याजोगे पाणीच यंत्राला द्यावे. सांडपाण्याची नळी गटारात बुडवू नये. मध्ये मोकळे अंतर ठेवावे, म्हणजे घाण पाणी उलट चढणार नाही. अर्थिंग नीट आहे ना, हेही तपासून घ्यावे.

काम ठरवण्याआधी मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा : नायट्रोजन आहे का? व्हॅक्यूम पंप आहे का? पुस्तिका वाचली का? तिन्हींना ‘होय’ मिळाले तरच काम द्यावे.