नापसंती सांग, पण वजन पाहून

अगं, चिखला-गोबरवाहीकडच्या, मँगनीजच्या खाणींच्या गावांतल्या आपल्या पोरींना इंग्रजीत 'येस सर' म्हणायला शिकवावं लागत नाही. घोडं अडतं ते 'मला हे पटत नाही' म्हणताना. म्हणून आज 'डेप्रिकेट' या क्रियापदाबद्दल बोलू. वाचताना ते भेटतं आणि आपण अंदाजानं पुढे सरकतो.

त्याचं मूळ लॅटिन. अर्थ, प्रार्थना करून संकट टाळणं. पुढे तो 'हे होऊ नये असं ठामपणे सांगणं' इथवर आला. मात्र नापसंती बहुधा प्रथेबद्दल, वागण्याबद्दल असते. आपल्या न्यायालयांच्या निकालांत एखाद्या चुकीच्या पद्धतीबद्दल हा शब्द हमखास सापडतो. घरात, मैत्रिणींत तो वापरलास तर मात्र सगळ्या हसतील. फार भारदस्त आहे गं.

'डिप्रीशिएट'शी त्याची गल्लत करू नकोस. खाणीतल्या यंत्राची किंमत वर्षागणिक उतरते आणि हिशेबनीस घसारा धरतात, ते डिप्रीशिएट. आणि 'सेल्फ-डेप्रिकेटिंग' म्हणजे स्वतःलाच कमी लेखत बोलणारी. असं बोलणं मैत्रिणींत चालेल, पण मुलाखतीत 'मी काय, साध्या गावची' असं चुकूनही म्हणू नकोस. तुझ्या गावात निघतं त्या मँगनीजशिवाय पोलाद बनत नाही, एवढं ध्यानात ठेव.

संगणकवाल्यांनी या शब्दाला दिलेला अर्थ मला सगळ्यात आवडतो. जावासारख्या भाषेत एखादी सोय 'डेप्रिकेटेड' ठरवली, तरी ती लगेच बंद पडत नाही. नव्या कामात वापरू नका, एवढी सूचना असते, आणि बहुधा त्याऐवजी काय वापरायचं तेही सांगितलेलं असतं. नापसंती अशीच असावी.

रोजच्यासाठी 'डिसअप्रूव्ह ऑफ' पुरे. त्यातला 'ऑफ' गाळलास तर अर्ज नामंजूर केल्यासारखं वाटेल. हरकत घ्यायची तर 'ऑब्जेक्ट टू', आणि पुढच्या क्रियापदाला 'आयएनजी' लाव. तीव्र खेदाला 'डिप्लोर', निषेधाला 'कंडेम'. 1998 मध्ये भारत-पाकिस्तानच्या अणुचाचण्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव 1172 केला, त्यात 'कंडेम' हा शब्द होता. एवढा जड शब्द डब्यातल्या भाजीवर खर्चू नये.

आता कामाचं. जानेवारी 2019 मध्ये भूमिगत खाणीत तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या जागांवर बायकांना दिवसपाळीत काम करायची मुभा मिळाली, त्यांची लेखी संमती घेऊन. उद्या तू खाणकामाचा डिप्लोमा करून खाली उतरलीस आणि छताला आधार नसताना कोणी काम सुरू करा म्हणालं, तर 'डेप्रिकेट' आठवत बसू नकोस. सरळ म्हण, 'आय ऑब्जेक्ट टू स्टार्टिंग वर्क हिअर.' लगेच कारण सांग, मग काय करायला हवं ते सांग, आणि वर आल्यावर तेच लिहून दे. समोरच्या माणसाला नावं ठेवू नकोस, कृतीवर बोट ठेव. आवाज चढवायची गरज नाही. कारण आणि पर्याय जवळ असले की हळू बोललेलंही ऐकावंच लागतं.