दुखरे सांधे आणि घोड्याची पाठ

घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी तीन दिशांनी हलते: पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वर-खाली. खोगिरावर बसलेल्या माणसाची कंबर तिच्याबरोबर हलते, आणि ही हालचाल माणूस स्वतः चालताना होणाऱ्या कमरेच्या हालचालीशी बरीच जुळते. ज्याचे गुडघे किंवा घोटे जमिनीवर साथ देत नाहीत त्याला इथे पायांवर भार न टाकता चालायला मिळते. फिजिओथेरपीत घोड्याचा उपयोग होतो तो याच आधारावर. मात्र उपचार आणि आनंद यांची गल्लत करू नये. घोड्यामुळे आमवात बरा होत नाही, की दुखावलेला मणका पूर्ववत होत नाही. पाठीचे आणि पोटाचे स्नायू कामाला लागतात, तोल सुधारतो आणि तेवढा वेळ माणूस स्वतःला रुग्ण समजत नाही. ही शेवटची गोष्ट कोणत्या तपासणीत दिसत नाही, पण लोक पागेकडे पुन्हा पुन्हा येतात ते बहुधा तिच्याचसाठी.

या विषयात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण हमखास दिले जाते. 1944 मध्ये, गर्भवती असताना, त्यांना पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज ही घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा पहिल्यांदाच स्त्रियांना खुली झाली. त्याआधी ती लष्करी अधिकाऱ्यांपुरती होती. हार्टेल यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर रौप्यपदक मिळवले आणि 1956 मध्ये स्टॉकहोमला पुन्हा तेच पदक जिंकले. ही कथा इच्छाशक्तीचा विजय म्हणून सांगितली जाते, आणि आजारी माणसाला ती त्या रूपात सांगणे धोक्याचे आहे. हार्टेल आजारापूर्वीच कसलेल्या स्वार होत्या. त्यांना घोडीवर चढवावे आणि उतरवावे लागे. पायांनी इशारा देता येत नसल्याने त्यांनी पाठीचा आणि वजनाचा इशारा पक्का केला, तोही तो समजणाऱ्या घोडीवर. म्हणजे मदत घेतली, पद्धत बदलली, जनावर पारखून निवडले. नुसती जिद्द यात शेवटून पहिली येते.

प्रस्तुत लेखिकेला आमवात आहे आणि एक मनगट पूर्वी मोडलेले आहे. पुढील बऱ्याच सूचना त्या दोन दुखण्यांबरोबर पागेत घालवलेल्या वर्षांतून आलेल्या आहेत.

सुरुवात डॉक्टरांपासून करावी, पण ‘घोड्यावर बसू का’ असा मोघम प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘नको’ असेच येते. प्रश्न नेमके असावेत. आमवात जुना असेल तर मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. त्यासाठी मान वाकवून आणि मागे करून काढलेला एक्स-रे पाहावा लागतो. स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर हाडांची घनता मोजून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव करू शकतो, त्यामुळे अशा रुग्णाने खोगिराचा नाद सोडलेलाच बरा. फिट येण्यावर पूर्ण ताबा नसेल, मणक्याची शस्त्रक्रिया ताजी असेल किंवा नितंबाची जाणीव कमी होऊन जखमा होत असतील, तरी हेच लागू. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. लस वेळेवर घेतलेली असावी. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनाही ही लस चालते, कारण ती जिवंत जंतूंची नसते. अनेक दमेकऱ्यांना घोड्याच्या कोंड्यापेक्षा वाळल्या गवताची धूळ अधिक छळते, आणि गवत झटकायच्या वेळी पागेत न जाणे एवढा साधा उपायही पुष्कळ उपयोगी पडतो.

वेळेचा प्रश्न आपल्याकडे खास अवघड आहे. उन्हामुळे रायडिंग क्लबचे वर्ग पहाटे असतात, आणि आमवाताचा ताठरपणा सर्वांत जास्त असतो तोही पहाटेच. तो तासाहून अधिक टिकतो. बोटे नीट मिटत नसताना लगाम हाती घेण्यात अर्थ नाही. संध्याकाळचा वर्ग मागावा. तो नसेल तर वर्गाच्या दोन तास आधी उठून गरम पाण्याने अंग शेकावे. आमवातावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि अनेकांना त्याच्या दुसऱ्या दिवशी मळमळ व थकवा येतो. तो दिवस सरळ वगळावा.

सर्वांत मोठा धोका मात्र दुखऱ्या दिवसाचा नाही. अंग दुखत असेल तर माणूस घरीच राहतो. धोका असतो बऱ्या दिवसाचा. आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यावर एके दिवशी सांधे हलके वाटतात, घोडा खुशीत असतो, हवा छान असते. मग ठरलेल्या फेऱ्यांवर आणखी दोन होतात, चालीवरून दुडकीवर जाणे होते, उतरल्यावर खोगीरही स्वतःच उचलून ठेवले जाते. त्याचे बिल दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येते. शिवाय ताकद संपते ती दुखू लागण्याआधी, त्यामुळे पकड सुटते तेव्हा माणसाला त्याची पूर्वसूचना नसते. म्हणून किती वेळ बसायचे हे चढण्यापूर्वी ठरवावे आणि घोडा धरणाऱ्याला सांगून ठेवावे. वर बसल्यावर वेळ कमी करता येईल, वाढवता येणार नाही, असा नियमच असावा. सुरुवातीला वीस मिनिटे भरपूर होतात.

दुडकी न केल्याने काही बुडत नाही. दुडकीत घोड्याचे समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडतात आणि प्रत्येक पावलाचा धक्का थेट कण्याला बसतो. तो चुकवण्यासाठी उठबस करावी तर गुडघे भरून येतात. नुसती चाल ही कमअस्सल स्वारी आहे, असे समजण्याचे कारण नाही. पॅरालिंपिकमध्ये 1996 पासून ड्रेसाज आहे, आणि त्यातल्या पहिल्या श्रेणीचे स्पर्धक पूर्ण कसरत चालीतच करतात. मारवाडी आणि काठियावाडी जातींच्या काही घोड्यांना रेवाल चाल असते. ती दुडकीइतके हिसके देत नाही. असा घोडा मिळाला तर उत्तम.

साहित्यात लाज धरू नये. बारीक चामडी लगाम सुजलेल्या बोटांत रुततो. रबर चढवलेला जाड लगाम किंवा हात अडकवण्याच्या कड्या शिवून घेतलेला लगाम घ्यावा. पॅरा स्पर्धांतही अशा कड्यांना परवानगी असते. कड्यांमधून हात मात्र झटकन सुटला पाहिजे. रिकिबीला लोंबकळून चढू नये, चौथऱ्यावरून चढावे. त्याने स्वाराचा गुडघा आणि घोड्याची पाठ दोन्ही वाचतात. उतरताना पंधरा हात उंचीच्या घोड्यावरून, म्हणजे सुमारे दीड मीटर उंचीच्या पाठीवरून, घसरत खाली यावे लागते आणि तो धक्का घोट्यांना बसतो. घोड्याला चौथऱ्याशी शांत उभे राहायची सवय लावून तिथेच उतरावे. हेल्मेट एकदा जोरात आपटले की तडा दिसो न दिसो, बदलावे. डोंगरातल्या पर्यटकांच्या घोड्यांवर बसायचे असेल तर हेल्मेट स्वतःचे न्यावे आणि शक्यतो चढणीपुरतेच बसावे. उतारावर सगळे वजन पुढे येऊन मनगटांवर आणि गुडघ्यांवर पडते.

खोगिरावर बसणे बंद झाले म्हणजे घोडा सुटला, असे नव्हे. खरारा करणे, आयाळ विंचरणे, मोहरकी धरून रिंगणात फिरवणे यांत मिळणारी सोबत स्वारीहून कमी नसते, आणि बऱ्याच जणांना अखेर तीच अधिक आवडू लागते. ताठरलेल्या बोटांना घोड्याच्या अंगाची ऊब बरी वाटते. त्याचे तापमान साधारण अडतीस अंश सेल्सियस, आपल्यापेक्षा किंचित जास्त असते. पण जमिनीवरही सावध राहावे. चारशे किलोचे जनावर पायावर उभे राहिले तर मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला ते वेळेवर कळतही नाही. चामडी, टणक टोकाचे बूटच वापरावेत. घोड्याला थेट पाठीमागचे आणि कपाळासमोरचे नीट दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूने, बोलत जवळ जावे. काठी, कुबड्या किंवा चाकांची खुर्ची वापरत असल्यास ती वस्तू घोड्याला आधी दुरून दाखवावी, हुंगू द्यावी आणि दोन-तीन भेटींनंतरच तिच्यासह जवळ जावे. खुर्चीतल्या माणसाचे डोके घोड्याच्या पायांजवळ येते, त्यामुळे मोतद्दार शेजारी असल्याशिवाय घोड्याजवळ जाऊ नये.

स्वतःचा घोडा घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुका चारा लागतो, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि पोटशूळ उठला तर रात्री त्याला हिंडवायला माणूस लागतो. मालकाचे दुखणे उफाळले म्हणून यातले काही थांबत नाही. बांधून ठेवलेला घोडा आडमुठा होतो, आणि महिन्याभराने अंथरुणातून उठून त्याच्यावर बसणारा मालक नेमका तेव्हाच सर्वांत अशक्त असतो. त्यापेक्षा एखाद्या निरोगी स्वाराबरोबर घोडा वाटून घ्यावा: खर्च निम्मा, रोजचे काम त्याच्याकडे, आपल्याकडे आठवड्यातले दोन दिवस. त्या दोन दिवसांतला एखादा चुकला तरी घोड्याचा व्यायाम बुडत नाही. करार लेखी असावा आणि घोड्याच्या आजारपणाचा खर्च कोण किती करणार हे त्यात स्पष्ट असावे. औषधांची नावे, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहिलेले कार्ड प्रशिक्षकाकडे एक आणि हेल्मेटच्या आत एक ठेवावे.