‘दोनच तर ओढतो’

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

सिगारेट सोडण्याबाबतच्या तुझ्या सबबी तुला मनापासून खऱ्या वाटतात, आणि गोम तिथंच आहे. त्यातली सगळ्यात वजनदार सबब ताणाची: सिगारेटशिवाय डोकं चालत नाही. आता हे बघ. धूर ओढला की काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग चिडचिड सुरू होते, कामात लक्ष लागत नाही. या तलफेलाच तू ताण समजतोस, आणि पुढची सिगारेट ती शमवते म्हणून तिचे उपकार मानतोस. सावकाराचं व्याज चुकवायला त्याच्याकडूनच उसने घ्यावेत, तसला हा व्यवहार. ऑफिसातलं काम होतं तिथंच राहतं. सिगारेट सोडलेल्या आणि न सोडलेल्या लोकांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झाल्याचं त्यात दिसलं. सुरुवातीचे दिवस जड जातात, हे कबूल. पण बहुतेकांचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो. ‘हे प्रोजेक्ट संपू दे, मग सोडतो’ म्हणशील, तर प्रोजेक्टं काय, संपतच नसतात.

दुसरी सबब टपरीवरची. चहासोबत एखादी सुटी घेतो, पाकीट कधी विकत घेत नाही, दिवसाला दोनच. (सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, हे टपरीवाल्यालाही ठाऊक असतं.) पण हृदयाला तुझा हिशेब मान्य नाही. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्याच्या जवळजवळ निम्मा एकच ओढणाऱ्यालाही असतो. म्हणून कमी करणं म्हणजे सोडणं नव्हे.

राहता राहिले कुणाचे तरी विड्या ओढून नव्वदी गाठलेले आजोबा. पन्नाशीत गेलेल्यांचे दाखले द्यायला ते उरलेले नसतात, म्हणून मोजदाद करावी लागते. ती रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी केली. १९५१ पासून पन्नास वर्षं त्यांनी ब्रिटनमधल्या चौतीस हजारांवर डॉक्टरांचा मागोवा घेतला. सिगारेट शेवटपर्यंत न सोडणाऱ्यांचं आयुष्य कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं. तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना ती दहाही वर्षं जवळपास परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, साठीत तीन. म्हणजे ‘आता काय उपयोग’ हे साठीच्या माणसानंही म्हणू नये. तू तर नुकता तिशीत आलास.

वजन थोडं वाढेल, ते नंतर उतरवता येईल. नुसत्या निर्धारावर भागलं नाही तर निकोटीनचं च्युइंगम मिळतं, डॉक्टरांना विचारून घे. सरकारी मदतवाहिनीचा नंबर पाकिटावर छापलेला असतो, पण सुटी घेणाऱ्याला तो दिसणार कसा? म्हणून इथं लिहून देतो: १८००-११-२३५६. पैसे पडत नाहीत. या आठवड्यातच फोन कर.

तुझा,
काका